शब्द मी सांगतो

सोमवार, ४ ऑगस्ट

ही म्हणाली, "रोज जेवताना शाळेचं ऐकून माझे कान किटले. वही घ्या आणि लिहून काढा." ही म्हणजे माझी बायको. शिवणकाम करते, त्यामुळे तिच्याकडे वह्यांचा तोटा नाही. ही वही मापं लिहायची आहे. प्रत्येक पानावर डावीकडे एक रेघ आधीच मारलेली आहे.

एकोणीस वर्षं माध्यमिकला विज्ञान शिकवलं. यंदा पटसंख्या घसरली, एक तुकडी बंद झाली आणि मी प्राथमिकला आलो. पाचवी. एकतीस मुलं. खुर्ची इतकी बुटकी की बसलो तर गुडघे हनुवटीला लागतात.

आज विचारलं, "पदार्थाच्या अवस्था किती व कोणत्या?" पहिल्या बाकावरचा चष्मेवाला ताडकन उठला. "तीन. कच्चा, शिजलेला आणि करपलेला."

मी हसलो. वर्गात कोणीच हसलं नाही. म्हणजे तो विनोद करत नव्हता.

परत माध्यमिकला जाण्याचा अर्ज मुख्याध्यापिकांकडे दिला. त्यांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणतात. ऑक्टोबरअखेर कळेल म्हणाल्या. तीन महिने आहेत. काढू.

गुरुवार, ७ ऑगस्ट

रोग सापडला. या मुलांना विषयाचे शब्दच ठाऊक नाहीत. शब्द नाही तर विषय डोक्यात शिरणार कुठून? आज गणितात "बाराचे अवयव सांगा" म्हटलं, तर मागून आवाज आला, "सर, बाराला हातपाय कुठे असतात?"

योजना आखली. रोज दोन शब्द. मागच्या भिंतीवर तक्ता, ठसठशीत अक्षरात शब्द आणि व्याख्या. मुलांनी ती पाच वेळा लिहायची, घरी पाठ करायची, सकाळी उभं राहून एका सुरात म्हणायची. सोपं आहे. आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

आजच पहिला शब्द म्हणवून घेतला. सगळी म्हणाली, एक मुलगी सोडून. शेवटच्या बाकावर बसते. दोन गल्ल्या पलीकडे बापाची लॉन्ड्री आहे, म्हणून मुलं तिला इस्त्री म्हणतात. तोंड उघडत नाही. ओठ हलतात, आवाज नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

अठरा शब्द झाले. सकाळी एकतीस (खरं म्हणजे तीस) मुलं एका दमात बाष्पीभवनाची व्याख्या म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो. "उष्णतेमुळे द्रवाचे वायूत रूपांतर होण्याच्या क्रियेस बाष्पीभवन म्हणतात." क्रियेस! पाचवीची मुलं 'क्रियेस' म्हणतायत!

शेजारच्या तिसरीच्या बाई दारात थांबल्या. "छान म्हणतात हो. कळतं का त्यांना?"

आधी पाठ व्हायला हवं, कळणं मागून येतं, असं मी सांगितलं. त्या "हं" म्हणून गेल्या. नव्या आहेत. दोनच वर्षं झाली त्यांना.

शनिवार, ६ सप्टेंबर

पेपर तपासले. निकाल उत्तम. बावीस मुलांना व्याख्यांत पैकीच्या पैकी.

इस्त्रीचा पेपर नमुना म्हणून इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मला काय सहन करावं लागतं ते पुढे कोणाला दाखवता येईल. प्रश्न होता : ओले कपडे कसे वाळतात? उत्तर : "पाणी कपड्यातून निघतं आणि हवेत जातं. घडी करून ठेवलं तर आतलं निघत नाही. ऊन नसलं तरी जातं पण वारा पायजे."

बाष्पीभवन हा शब्द नाही. उष्णता नाही. उलट ऊन नसलं तरी चालतं म्हणते. 'पायजे' वेगळंच. शून्य दिलं आणि शेरा मारला, 'संज्ञा नाही.'

मोठ्या बाईंनी पायाभूत गटासाठी नावं मागितली होती. कच्च्या मुलांना दिवाळीनंतर — छे, इथे तारीखच लिहितो — सतरा नोव्हेंबरपासून खालच्या खोलीत बसवायचं. त्यांना फक्त वाचन-लेखन आणि बेरीज-वजाबाकी. विज्ञान नाही, भूगोल नाही. एका अर्थी सुटका त्यांची. चार नावं दिली. पहिलं इस्त्रीचं. सही करून टाकली.

सोमवार, ८ सप्टेंबर

पेपर वाटले. इस्त्रीने शून्य पाहिलं, पेपरची बारीक घडी केली आणि दप्तरात ठेवला. रडली बिडली नाही.

मी विचारलं, "शब्द का नाही लिहिलास?"

"लक्षात नाही राहिला, सर."

"मग बाकीचं हे काय लिहिलंस?"

"काय होतं ते लिहिलं."

"विज्ञानात असं चालत नाही," मी म्हणालो. आवाज चढवला नाही. परिणाम चांगला झाला असावा. दिवसभर ती अगदी शांत होती. आता ओठसुद्धा हलवत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

मोठ्या बाई न सांगता वर्गात आल्या. मुलांनी अठ्ठेचाळीस शब्द धडाधडा म्हणून दाखवले. बाईंनी मान डोलावली. मग ओलं फडकं घेऊन फळ्यावर एक पट्टा ओढला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पंखा चालू होता. दोन मिनिटांत पट्टा नाहीसा झाला.

"पाणी कुठे गेलं?"

"फळ्यात मुरलं," चष्मेवाला म्हणाला.

"खडूने प्यायलं."

"संपलं, बाई."

मी बाईंच्या मागे उभा राहून तोंडाने 'बा… बा…' करत होतो. एकाच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "बादलीत गेलं."

शेवटच्या बाकाकडे नजर गेली. ती फळ्याकडे बघत नव्हतीच. पंख्याकडे बघत होती. लक्ष म्हणून नाही पोरीचं.

मोठ्या बाई जाताना एवढंच म्हणाल्या, "शब्द फार छान पाठ आहेत." त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

रविवार, १४ सप्टेंबर

दोन दिवस तोंडाची चव गेलीय. हिला सगळं सांगितलं (वहीने काम भागलं नाही). ही टेबलक्लॉथला लेस लावत होती.

"मला एक सांगा, याला कडेने लेस किती लागेल?"

"लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन. यालाच परिमिती म्हणतात."

"माझ्याकडे शिकायला मुली येतात त्यांना मी परिमिती सांगत नाही. लेस हातात देते आणि म्हणते, लावून बघ. कमी पडली की त्याच विचारतात, किती घ्यायला हवी होती. मग सांगते काय ते."

"अगं, शिवण वेगळं आणि शिक्षण वेगळं."

"असेल," म्हणाली आणि दोरा तोडला.

या विषयात तिला गती नाही, पण ऐकून घेते हे खरं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज वर्गात जाता जाता एक कल्पना सुचली. मुलांना सुतळीचे तुकडे दिले आणि सांगितलं, आपापल्या बाकाला कडेने गुंडाळा. काहींची सुतळी कमी पडली. ओरडाआरडा. "सर, किती पाहिजे ते आधी सांगायचं ना!" मग मोजलं. मोजून झाल्यावर म्हणालो, या कडेकडेच्या मापाला नाव आहे, परिमिती.

चष्मेवाला म्हणाला, "एवढंच होय?"

व्याख्या मी दिली नाही. एका मुलाने स्वतःच केली, "सगळ्या कडा मिळून जेवढी सुतळी, तेवढी परिमिती." मी तीच तक्त्यावर लावली. शाळा सुटल्यावर हिच्याकडून बारा बटणं मागून घेतली, उद्या अवयवांसाठी. तीन-तीनच्या चार ओळी, सहा-सहाच्या दोन. पाच-पाचच्या केल्या तर दोन बटणं बाहेर राहतात.

ही कल्पना सांगितली तर ही हसली. का ते कळलं नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

आठ दिवस आभाळ भरलेलं आहे, ऊन नाही. माझी पँट लॉन्ड्रीत अडकली म्हणून संध्याकाळी स्वतः गेलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे इस्त्रीचं टेबल, मागे दोऱ्यांवर चादरी. बाप इस्त्री फिरवत होता. पोरगी स्टुलावर चढून चादर ओढत होती. मला तिने पाहिलं नव्हतं.

"बाबा, ही दुमडलीये. दुमडीत पाणी अडकतं. उलगडून टाक. पंखा इकडे वळव. आणि मागचं दार उघड."

"गार वारा येईल गं."

"येऊ दे. आतली हवा भरलीये पाण्याने. तिच्यात आता आणखी मावत नाही. ती गेली आणि दुसरी आली की मग वाळेल."

मी दारातच उभा राहिलो. हवेत बाष्प मावण्याची मर्यादा मी नववीला शिकवत होतो. आकृती काढून, आलेख काढून. एकोणीस वर्षांत एका पोराने ती मला अशी परत सांगितली नाही.

बापाने मला पाहिलं आणि गडबडीने टेबल पुसलं. "या सर. पँट अजून ओलसर आहे. तिला विचारा, बरोब्बर सांगेल कधी होईल ते."

"उद्या दुपारी," ती म्हणाली आणि स्टुलावरून उतरून मागे गेली.

बाप हळू आवाजात म्हणाला, "तिला खालच्या खोलीत बसवणार म्हणे. शाळेत डोकं चालत नाही तिचं. तुम्ही करता ते बघूनच करत असाल, सर. आम्हाला काय कळतंय?"

पँट न घेताच आलो.

घरी येऊन या वहीची मागची पानं उलटली. सहा तारखेचं उत्तर पुन्हा वाचलं. चार वेळा वाचलं. त्यात चूक काय आहे ते शोधत होतो. 'पायजे' सोडून काही सापडलं नाही.

बुधवार, २४ सप्टेंबर

दोन रुमाल नेले. दोन्ही भिजवले, पिळले. तिला पुढे बोलावलं. आली नाही. मी शेवटच्या बाकापाशी गेलो.

"मला शब्द येत नाही, सर," ती म्हणाली. इतक्या हळू की वाकून ऐकावं लागलं.

"शब्द मी सांगतो. तू फक्त काय होतं ते सांग."

मग तिने एका रुमालाची घडी घातली, दुसरा खिडकीच्या गजाला बांधला आणि वर्गाला सांगितलं कोणता आधी वाळेल आणि का. पहिली दोन वाक्यं मलाही नीट ऐकू आली नाहीत. तिसऱ्या वाक्याला कोणीतरी "इस्त्री, मोठ्याने!" म्हणालं. मी त्याच्याकडे बघितलं. पुन्हा कोणी ते नाव घेतलं नाही.

तासाच्या शेवटी गजावरचा रुमाल जवळजवळ कोरडा. घडीचा ओलाच.

मग फळ्यावर लिहिलं : बाष्पीभवन. चष्मेवाला म्हणाला, "भवन म्हणजे इमारत ना, सर? नाट्यभवन असतं तसं?" दीड महिना ही मुलं रोज सकाळी वाफेच्या इमारतीचं नाव घेत होती! मी सांगितलं, बाष्प म्हणजे वाफ आणि इथे भवन म्हणजे होणं. वाफ होणं.

"मग वाफ होणं असंच का नाही म्हणत?"

चांगला प्रश्न. मी म्हणालो, शास्त्रज्ञ लांब लांब राहतात, सगळ्यांनी एका गोष्टीला एकच नाव ठेवलं तर घोटाळा होत नाही. पटलं की नाही माहीत नाही.

ती अजून पुढेच उभी होती. फळ्याकडे बघत म्हणाली, "पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे मी तेच लिहिलं होतं."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणालो. "तेच लिहिलं होतंस."

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मोठ्या बाईंकडे गेलो. एक नाव यादीतून काढायचंय म्हणालो.

"यादी वरच्या कार्यालयात गेली, सर. आता नाव काढायचं तर लेखी कारण हवं. आणि बाहेरून परीक्षक येऊन तिची तोंडी परीक्षा घेणार."

"कारण देतो."

"काय देणार?"

"मी गुण चुकीचे दिले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमचा माध्यमिकचा अर्ज त्याच टेबलावर आहे. आपल्याला पेपर तपासता आला नाही असं स्वतः लिहून देणाऱ्या माणसाला ते परत दहावी देतील का? मी अडवत नाही. फक्त माहीत असावं म्हणून सांगते."

विचार करून सांगतो म्हणालो.

सोमवार, २९ सप्टेंबर

शनिवार-रविवार तीन मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, 'नजरचुकीने गुण देण्याचे राहून गेले.' भाषा स्वच्छ होती, कोणालाच लागणारी नव्हती. हिला वाचून दाखवलं.

"नजरचूक होती का?"

"तसं लिहायची पद्धत असते."

"मी पद्धत नाही विचारली."

दुसरा मसुदा दोन पानांचा झाला. त्यात मुलांच्या भाषेवर विवेचन होतं. ते फाडलं. तिसरा असा : 'विद्यार्थिनीचे उत्तर बरोबर होते. त्यात पाठ्यपुस्तकातला शब्द नव्हता, म्हणून मी ते वाचूनही समजून घेतले नाही. शून्य गुण ही माझी चूक आहे.'

आज सकाळी दिला. पोहोच घेतली. दुपारपर्यंत ती तीनदा खिशातून काढून पाहिली. मग तासाला वर्तुळ होतं, त्यात विसरलो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. वेळच मिळत नाही.

वर्गात आता असा नियम आहे की आधी वस्तू, मग आपले शब्द, मग पुस्तकातला शब्द. आणखी एक नियम मुलांनी केला : सर जर न कळणारा शब्द बोलले तर हात वर करून "म्हणजे?" म्हणायचं. पहिल्या दिवशी मोजले, सत्तेचाळीस वेळा. पाच मिनिटांचं बोलणं पूर्ण करायला अर्धा तास लागला. 'उदाहरणार्थ' यालासुद्धा हात वर झाले. मला वाटायचं तो शब्द मुलं जन्मतःच घेऊन येतात.

'वर्ग' या शब्दाने सगळ्यांना दमवलं. पाचचा वर्ग म्हणजे ज्यात पाच मुलं बसतात तो. मग पाच-पाच बटणांच्या पाच ओळी केल्या. आता हिच्या डब्यातली बटणं संपत आली आहेत. ती म्हणते, "शर्टाला काय लावू, अवयव?"

तिसरीच्या बाई मधल्या सुट्टीत येऊन बसतात. त्यांना काही गोष्टी बऱ्याच आधीपासून माहीत असाव्यात.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

माध्यमिकचा अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

अपूर्णांकातल्या 'छेद' शब्दाची भानगड आज सुटली. मुलं आकड्याखाली भोक शोधत होती. कागदाच्या पट्ट्या कापायला दिल्या. एकाच पट्टीचे चार तुकडे, सहा तुकडे, आठ तुकडे. कापणं म्हणजेच छेद. किती तुकडे केले तो आकडा खाली, त्यातले किती घेतले तो वर. मग चष्मेवाल्याने विचारलं, खालचा आकडा मोठा होतो तसा तुकडा लहान का होतो? यावर दोन बाकांमध्ये जुंपली. घंटा झाली तरी कोणी उठेना. उद्या वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या न्यायच्या, म्हणजे भांडण आणखी रंगेल. जाड कागद हवा, पातळ फाटतो.

हिने पत्र वाचलं. मग जाड कागद कुठे मिळतो ते सांगितलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तोंडी परीक्षा. शाळेच्या कार्यालयात तीन खुर्च्या, एकीवर मोठ्या बाई. परीक्षक बाई वयस्कर, आवाज मऊ, पण प्रश्न छापील. मला कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली, न बोलण्याच्या अटीवर.

बाप बाहेर व्हरांड्यात उभा होता. इस्त्री केलेला शर्ट घालून आला होता आणि तो चुरगळू नये म्हणून बसत नव्हता.

बाष्पीभवन विचारलं. सांगितलं. परिमिती सांगितली. मग बाईंनी कागद उलटला. "संघननाचं एक उदाहरण दे."

हा धडा अजून झालेलाच नाही! तो पुढच्या महिन्यात आहे. मी खुर्चीत पुढे सरकलो. मोठ्या बाईंनी डोळ्यांनी मागे बसवलं.

ती टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. पुन्हा तेच, मला वाटलं. पुन्हा ओठ मिटणार आणि संपलं.

मग तिने हात वर केला. समोर एकच बाई बसलेल्या, तरी हात वर केला.

"म्हणजे? हा शब्द मला माहीत नाही, बाई. काय होतं ते सांगाल का? मग मी सांगते."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. त्या कागदाकडे बघू लागल्या, पण कागदावर फक्त प्रश्न होता. "संघनन म्हणजे… बाष्पाचे द्रवात… म्हणजे असं बघ, वाफेचं परत पाणी होणं."

"ते होय! सकाळी आमच्या दुकानाच्या काचेवर होतं. बाबा इस्त्री करतात ना, तेव्हा. बोटाने नाव काढता येतं."

"काचेच्या कोणत्या बाजूला?"

"आतून. बाहेरून काढलं तर उमटत नाही. वाफ आत असते आणि काच गार असते."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "जा आता."

ती दारापर्यंत गेली आणि परत आली. "नाव काय म्हणालात त्याचं?"

"संघनन."

"घ ला अनुस्वार आहे का?"

"नाही गं. स ला आहे."

तिने बोटाने तळहातावर लिहून पाहिलं आणि बाहेर गेली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

यादी परत आली. तिच्या नावावर लाल रेघ आणि शेजारी सही. मोठ्या बाई म्हणाल्या, "झालं तुमच्या मनासारखं. सोमवारपासून बाकीच्या तिघांना खाली पाठवा."

मी यादी हातात घेऊन उभा राहिलो. खाली तीन नावं होती, माझ्याच अक्षरात. त्यांच्या पेपरात मी काय वाचलं होतं ते आठवेना. त्यांची उत्तरं मी वहीत उतरवली नव्हती.

"सोमवारी नको," मी म्हणालो. "मला आठवडा द्या."

"पुन्हा लेखी देणार?"

"लागलं तर."

त्यांनी यादी माझ्याकडेच राहू दिली.

तिघांना पेपर घेऊन यायला सांगितलं. एकाचा हरवलाय, एकाचा उद्या मिळेल. फरशी बसवणाऱ्या मिस्त्रींच्या मुलीने आजच आणून दिला. प्रश्न : स्थायू पदार्थाचा एक गुणधर्म लिहा. तिचं उत्तर : "तो आपला कोपरा सोडत नाही." त्यावर माझी फुली आहे. फुलीच्या शेजारी मी लाल पेनाने एक उद्गारचिन्हही काढलंय, म्हणजे तेव्हा मला हसू आलं असणार.

कोपरा कोणता? खोलीचा, की फरशीचा स्वतःचा? संध्याकाळपासून दोनदा वाचलं. तिलाच विचारायला हवं. उद्या अर्धा दिवस शाळा आहे, पहिल्याच तासाला विचारतो.